नेहमीसारखं चाला

रस्त्यावरच्या माणसांच्या चाली वाचायची तिला जुनी खोड होती. कुठेही दोन मिनिटं उभं राहायची वेळ आली की डोळे आपोआप लोकांच्या कमरेखाली जायचे, आणि चारचौघांत हे बरं दिसत नाही असं नवऱ्याने कितीदा बजावूनही उपयोग झाला नव्हता. आज गाडी दुरुस्तीला टाकली होती म्हणून ती प्रयोगशाळेतून पायी निघाली आणि मोठ्या चौकात सिग्नलला उभी राहिली, तसं तिचं वाचन सुरू झालं. पुढची बाई: उजवा गुडघा, आतल्या बाजूने झिजलेला, अजून डॉक्टरकडे गेलेली नाही. फोनवर भांडणारा गृहस्थ: कंबर, पण कमरेपेक्षा भांडण जास्त. आणि पलीकडच्या फुटपाथवर, पाठमोरा, राखाडी शर्टातला एक माणूस. त्याचा डावा हात हलत नव्हता. उजवा नीट मागेपुढे जात होता, डावा मात्र कोपरात जरासा वाकून अंगालगत गप्प होता. पाऊल आखूड. डाव्या पायाची टाच आधी टेकायच्या ऐवजी अख्खा तळवाच टेकत होता. कोपऱ्यावर वळताना मान, खांदे, कंबर एकामागून एक वळायला हवीत, ते सगळं एकदम, कपाट फिरवावं तसं वळलं. कंपवात, ती मनात म्हणाली. डाव्या बाजूचा, सुरुवातीचा, पण कालपरवाचा नाही. बिचाऱ्याला अजून कोणी सांगितलेलंही नसेल. इतक्या लांबून, इतक्या गर्दीत आपल्याला हे कळलं याचं तिला नेहमीप्रमाणे बारीकसं सुख झालं. मग तो माणूस चष्म्याच्या दुकानापुढे थांबला, काचेत बघून त्याने उजव्या हाताने केस सारखे केले, आणि तो शर्ट आपणच गेल्या वाढदिवसाला घेतला होता हे तिच्या लक्षात आलं.

सिग्नल सुटला. माणसं तिला ढकलून पुढे गेली, कोणीतरी पुटपुटलंही, पण ती दिव्याच्या खांबाच्या आडोशाला सरकून उभी राहिली, आणि आपण आपल्याच नवऱ्यापासून लपतोय हे तिला लपून झाल्यावर कळलं. हाक मारायची होती. एरवी तिने रस्ता ओलांडून मारलीच असती, त्याने दचकून वळून काहीतरी वात्रट बोलून दाखवलं असतं, आणि दोघं मिळून घरी गेली असती. पण हाक मारली की तो वळणार, आणि त्याला पुन्हा एकदा तसं वळताना बघायची तिची छाती नव्हती. निदान चुकलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. इतर कशातही ती चुकायची. गॅस बंद करायला विसरायची, भावाच्या लग्नाची तारीख विसरली होती. यात कधी चुकली नव्हती. मग तिला राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते न कळल्यामुळे त्याच्यावरच आला. घरात हे मला दिसलं कसं नाही? याचं उत्तर तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. घरात माणूस चालतच नाही. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खुर्चीपर्यंत. चाल सुरू व्हायच्या आत संपते. आणि बाहेर फिरायला गेली की तो कायम तिच्या डाव्या हाताला असायचा. डाव्या कानाने कमी येतं ऐकू, तू उजवीकडूनच बोल, असं मागे एकदा म्हणाला होता, आणि तिनेही, बरं बाबा, म्हातारा झालास, म्हणून बाजू बदलली होती. म्हणजे त्याचा डावा हात तिला कधी दिसायचाच नाही. दिसलाच, तर त्यात पिशवी असायची. कानाला काहीही झालेलं नव्हतं हे तिला आता, भर चौकात उमगलं.

ती घरी गेली नाही, आली तशी परत फिरली. प्रयोगशाळेत या वेळी कोणी नसायचं. खिडक्या नसलेली ती लांबट खोली, भिंतीलगत कॅमेऱ्यांच्या तिवया, मधोमध चालायची पट्टी आणि पट्टीच्या पोटात, जमिनीच्या पातळीत बसवलेल्या, पावलाचं वजन मोजणाऱ्या पाट्या. या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. रोगी यायचे, अर्ध्या चड्डीवर उभे राहायचे, तंत्रज्ञ त्यांच्या सांध्यांवर चकचकीत मणी चिकटवायचा, आणि मग ती ते वाक्य म्हणायची: नेहमीसारखं चाला. हे ऐकल्यावर नेहमीसारखं चालणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. लग्नात फोटोसाठी हसावं तशी माणसं चालायची. पडद्यावर मात्र माणूस नसायचाच. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त ठिपके, आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. तिला ते आवडायचं. तोंड नाही, कपडे नाहीत, रडगाणं नाही. पट्टीवरच्या पाटीवर पाऊल अर्धवट पडलं, किंवा माणूस अडखळला, की ती फेरी रद्द व्हायची. अशा फेरीला तंत्रज्ञ कचरा म्हणायचा. कचरा बाजूला काढून उरलेल्या स्वच्छ फेऱ्यांवर निबंध व्हायचे, निबंधांवर अनुदानं, अनुदानांवर नवीन कॅमेरे. आणि रोग्यांशी तुलना करायला निरोगी गट लागायचाच. तो आणायचा कुठून? चांगली धडधाकट माणसं कामधंदा सोडून अर्ध्या चड्डीवर कशाला येतील? म्हणून जगात सगळीकडे करतात तेच तीही करायची. नवरे, बायका, नणंदा, मेहुणे यांना धरून आणायची. तिचा नवरा तर पहिल्या अभ्यासापासून प्रत्येक निरोगी गटात होता. शाळेत भूगोल शिकवायचा, सुट्ट्या भरपूर, शिवाय बडबड्या, त्यामुळे तंत्रज्ञालाही हवाहवासा. पाहुण्यांना तो ऐटीत सांगायचा, "माझ्यासारखा नॉर्मल माणूस शोधून सापडणार नाही. लेखी पुरावा आहे." आणि ते खोटं नव्हतं. तिच्या प्रत्येक आलेखात जो करडा पट्टा असायचा, ज्याच्या खाली रोग्यांच्या रेषा लोंबकळायच्या, त्या पट्ट्यात तो होता. किती माणसांना तिने त्या पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितलं असेल, आपल्याला इथवर यायचंय.

आत दिवा होता. तंत्रज्ञ टेबलावर मणी पुसत बसला होता. तिला बघून उठायला लागला.

"काही राहिलं का, मॅडम?"

"नाही. बस तू." ती पट्टीच्या कडेच्या बाकावर टेकली. म्हणाली, "मागच्या अभ्यासात आमच्या ह्यांना पुन्हा पुन्हा चालवलं होतं आपण. आठवतंय?"

तो मणी पुसायचा थांबला. आठवत होतं, हे त्याच्या थांबण्यावरूनच कळलं. "सरांचा डावा हात," तो म्हणाला, आणि पुढचं त्याने गिळलं.

त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता: मॅडम, सरांचा डावा हात जरा कमी हलतोय. तिला घाई होती, दुसऱ्या दिवशी पाहणी समिती यायची होती आणि निरोगी गटातला शेवटचा माणूस म्हणजे हाच. ती म्हणाली होती, तो मुद्दाम करतोय, नाटकं त्याची. आणि काचेमागच्या खोलीतून, माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय रे, बगलेत थर्मामीटर धरल्यासारखा काय चालतोयस? हात मोकळा सोड. पुन्हा." तो पट्टीच्या टोकाशी गेला, वळला, पुन्हा आला. पुन्हा. नीट चाल ना, तुझ्यासाठी सगळे खोळंबलेत. पुन्हा. तिला आता ते अगदी स्पष्ट दिसत होतं: दर फेरीला तो आधी तिच्याकडे बघायचा, काचेपलीकडे, आणि मग खाली आपल्या हाताकडे. तो हात दुसऱ्या कोणाचा असावा तसं बघायचा. पहिल्यांदा हसत होता. मग हसेनासा झाला. शेवटच्या फेरीला डावा हात हलला, सुरेख हलला, काड्यांचा माणूस पडद्यावरून तालात पलीकडे गेला, आणि ती म्हणाली, "आता कसं माणसासारखं चाललास." आधीच्या फेऱ्या कचऱ्यात गेल्या. जगात एवढ्या लवकर हा रोग ओळखता येईल अशी ती एकच खोली होती, आणि त्या खोलीत तिने त्याला दटावून दटावून निरोगी केलं होतं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," तंत्रज्ञ म्हणाला. तिने मान हलवली. हो म्हणायला का नाही म्हणायला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

घराकडे जाताना एकेक गोष्ट, न बोलावता, येऊन उभी राहत होती. मागे दूध करपून पातेलं काळं झालं तेव्हा तो शेजारीच पेपर वाचत बसला होता, आणि तिने त्याला फैलावर घेतलं होतं: नाक आहे का तपकिरीची डबी? वास जातो या रोगात, हात बिघडण्याच्या कितीतरी आधी जातो. हे ती दर वर्षी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायची. नणंदेचा फोन आला होता, "वहिनी, दादा हल्ली किती हळू बोलतो गं, मला तर ऐकूच येत नाही," आणि ती म्हणाली होती, तुमचा फोन बदला. शाळा त्याने मुदतीच्या आधीच सोडली होती, कंटाळा आला म्हणाला, आणि तिला बरंच वाटलं होतं. घरी कोणीतरी असलं की बरं. तिने सगळं पाहिलं होतं आणि काहीही वाचलं नव्हतं. आणि आता वाचून तरी काय करणार होती? ही तर खरी मेख होती. तिच्या नावावर जो उपक्रम होता, ज्यासाठी तिला बक्षिसं मिळाली, शाली नव्हे पण टाळ्या भरपूर मिळाल्या, तो याच माणसांना पुन्हा चालायला शिकवायचा होता. जमिनीवर आडव्या रेषा, ठेक्याचा आवाज, मोठं पाऊल, रोजचा सराव. सुधारणा व्हायची, खोटं नव्हतं; पहिले काही महिने रेषा चढायची, करड्या पट्ट्याला हात लावून यायची. मग उतरायची. सराव चालू असला तरी उतरायची, जरा सावकाश, एवढंच. परिषदांमध्ये टाळ्या पडायच्या त्या आलेखाच्या डाव्या अर्ध्याला. उजवा अर्धा ती नेहमी घाईत सांगायची, कारण तोवर वेळ संपत आलेला असायचा. एका रोग्याची बायको तिला म्हणाली होती, "तुमच्याकडे आले की छान चालतात हो हे. घरी नाही चालत. तुमच्यासाठी चालतात." ती हसली होती, आणि त्या महिन्यात तो रोगी मोरीत पडून, खुब्याचं हाड मोडून त्यातच गेला तेव्हा अभ्यासातून एक माणूस कमी झाला म्हणून हळहळली होती. ती वाईट बाई नव्हती. तिचं एवढंच झालं होतं की ती फार वर्षं पायांकडे बघत होती.

नवऱ्याने दार उघडलं. "आलीस? चष्मा मिळाला बघ. आता तुझ्या सुरकुत्यासुद्धा दिसायला लागल्या." आणि वळून तो बोळकंडीतून स्वयंपाकघराकडे निघाला. ती दारातच उभी राहिली. डावा हात हलत होता. छान हलत होता. जरा जास्तच छान, कोपर सरळ, पाऊल लांब, टाच आधी. त्याची मान मात्र ताठ होती आणि कानामागची शीर तटतटलेली, जड बादली हिंदकळू न देता नेणाऱ्या माणसासारखी. घरातल्या घरात, चहा टाकायला जाताना, तो तिच्यासाठी चालत होता. हे रोजच होत असणार. तिला ठाऊक होतं की असं चालणं मन लावून रेटावं लागतं, आणि मन जरा दुसरीकडे गेलं की सगळं ढासळतं; यासाठी त्यांच्याकडे एक चाचणीच होती, माणसाला चालता चालता बोलायला किंवा वजाबाकी करायला लावायचं. विचारू नये, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आणि तिने विचारलं, "दुकानात गर्दी होती का रे?"

"होती की, तो एकटाच..." हात थांबला. पाऊल फरपटलं, मग दुसरं, आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पाठमोराच.

"परीक्षा घेतलीस," तो म्हणाला. "शंभरातून सात वजा करत चालायचं, तेच ना?"

"मी तुला चौकात पाहिलं. मघाशी. मागून."

"हं." तो सावकाश खुर्चीत बसला, आणि आता लपवायचं काही उरलं नाही म्हणून की काय, त्याने डावा हात टेबलावर काढून ठेवला. अंगठा बारीक थरथरत होता. "मागून बघशील असं नव्हतं वाटलं. बाकी सगळ्या बाजू धरल्या होत्या मी."

"कधीपासून माहीत आहे?"

"तू चालवलंस ना मला, पुन्हा पुन्हा? त्याच दिवसापासून. मी खरंच हलवत होतो गं. मला वाटत होतं हलतोय. शेवटी जमलं, आणि तू केवढी खूश झालीस. म्हटलं, जमतंय तोवर जमवू."

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो. तुझ्या ओळखीतले सगळे टाळून, शोधून शोधून एक गाठला. गोळ्या नकाशांच्या मागे आहेत. तू नकाशांना कधी हात लावत नाहीस."

"मला सांगायचं नाही? मला? सगळी दुनिया यासाठी माझ्याकडे येते आणि तू..."

"म्हणूनच." तो तिच्याकडे बघत होता, नव्या चष्म्यातून, शांतपणे. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, आणि ते रागामुळे का रोगामुळे हे तिला कळेना. "मी तिथे बाकावर बसून किती वेळा तुझं काम बघितलंय. माणूस आत आला की तू त्याच्या पायांकडे बघतेस. तो जाईपर्यंत. कधी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाहीस. तुझं चुकतं असं नाही म्हणत मी, कामच तसं आहे. पण म्हटलं, अजून थोडे दिवस माझ्या तोंडाकडे बघू दे."

तिला वाटलं आपण आता रडणार, आणि रडली असती तर बरं झालं असतं. पण तिने ऐकलं, आपलाच आवाज, तो स्वच्छ, धीराचा, प्रयोगशाळेतला आवाज: "हे बघ, घाबरायचं काही कारण नाही. लवकर लक्षात आलंय. उद्यापासून सराव सुरू करू. नियमित केलं की खूप फरक पडतो."

"पडतो ना," तो म्हणाला. "तुझी भाषणं माझ्यासमोर पाठ केलीस तू, या टेबलाशी. उजवा अर्धासुद्धा मला येतो." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, असता तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तिने हात पुढे करून त्याचा थरथरता अंगठा आपल्या मुठीत धरला. मूठ घट्ट धरली तरी आत तो हलत राहिला, आणि त्याचा वेग किती असेल हे तिच्या डोक्यात आपोआप मोजलं गेलं. तिला स्वतःची किळस आली.

"चल, फिरून येऊ," तो म्हणाला. "उजेड आहे अजून. चहा परत आल्यावर."

इमारतीच्या मागचा रस्ता तसा निवांत होता, फुटपाथच्या फरशा मात्र जागोजागी उचललेल्या. आज तो तिच्या उजव्या हाताला आला. आता कानाचं निमित्त नको होतं. लग्नाआधी निवांत बसायला जागा नव्हती म्हणून दोघं चालायची, शहरातले कंटाळवाणे रस्ते मुद्दाम शोधून, आणि तो बोलायचा. नद्या कशा वळतात, वाळवंटं कशी सरकतात, मास्तर कसे पेंगतात. ऐकता ऐकता ती घराची गल्ली चुकायची. त्याच्या चालीकडे तिने तेव्हा एकदाही बघितलं नव्हतं. लग्नानंतरही भांडणं असोत, नोकरीतले डावपेच असोत, मूल होणार नाही हे कळलं तो दिवस असो, त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते चालताना व्हायचं. समोरासमोर बसून त्यांना कधी नीट बोलताच आलं नव्हतं. आता मात्र तो गप्प होता. डावा हात मागेपुढे जात होता, टाच आधी टेकत होती, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. गेलं वर्षभर फिरताना तो कमी बोलायला लागला होता, आणि तिने समजूत करून घेतली होती की इतकी वर्षं झाली, आता बोलायला उरलंय काय.

वळणापाशी तो जरा सैलावला. "अगं, तो चष्मेवाला," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात ती जुनी, गोष्ट सांगायला बसणारी खोडकर लकेर आली, "तो मला काय म्हणाला माहितीये, मी नंबर तपासायला बसलो तर..." हात थांबला. डावं पाऊल फरशीच्या कडेला अडकलं, दुसरं त्यावर आलं, आणि तो पुढे झुकत बारीक बारीक पावलं टाकत सुटला. तिने त्याचं कोपर पकडलं. दोघं उभी राहिली, त्याला धाप लागली होती. मागून येणारी दोन माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली. त्यांच्याकडे तिने बघितलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळे हसत होते, बाकीचा चेहरा मागे राहिला होता.

"बोलू का चालू?" तो म्हणाला. "एक काहीतरी सांग."

चेष्टेत विचारत होता, आणि खरंच विचारत होता. उत्तर तिला यायचं. तिच्या विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ते लावलेलं होतं, तिनेच लिहिलेलं: चालताना बोलू नका. या एका नियमाने किती म्हाताऱ्यांची हाडं वाचली होती, आणि बाकी सगळ्या आलेखांपेक्षा याच एका ओळीचा तिला अभिमान होता. तिला बोल म्हणायचं होतं. इथेच उभा राहा आणि बोल, अंधार पडेपर्यंत बोल, असं म्हणायचं होतं. पण उभं राहिलं की ही माणसं उभीच राहायला लागतात, मग खुर्चीत बसतात, आणि खुर्चीतून उठत नाहीत, हेही तिला माहीत होतं. तो वाट बघत होता. कोपर अजून तिच्या हातात होतं.

"चाल," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, अगदी शहाण्यासारखी, तिच्याकडे येणारी सगळीच माणसं डोलावतात तशी. मग नजर समोर लावली आणि पाऊल टाकलं. टाच आधी, हात मोकळा. तो छान चालत होता. ती त्याच्या शेजारून, काही न विचारता चालत राहिली. चष्मेवाला काय म्हणाला होता ते तिला कळलं नाही.